दहा बाय बारा

बसमालकाने हिशेब चुकता केला
आणि तीस हजार हातावर ठेवले.
बावीस वर्षं फोंडा–शिरोडा–पंचवाडी.
नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरायच्या,
ही सवय एका दिवसात जात नाही;
तशाच धरून घरी आणल्या.

प्रेमावती म्हणाली, फ्रीज.
मी म्हणालो, मागे फणसाखाली शेड,
दहा बाय बारा.
करवत, रंधा, वाइस,
सगळं खाटेखाली कधीपासून पडून आहे.
ती म्हणाली, त्या शेडमध्ये करणार काय?
खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही.

चिरे घेतले कानतुटके, अठराला एक.
खाणवाला म्हणाला, हे लोक नुसते भरावाला नेतात.
काएतानने पहिलाच थर रचला:
तुटका कान आत, सरळ तोंड बाहेर.
"फोटोक मनीस असोच रावता," म्हणाला,
आणि ओळंबा सोडून एक डोळा मिटला.
मजुरी अर्धीच घेईन, म्हणाला,
उरलेल्या अर्धीत
आईच्या आल्ताराचं दार दुरुस्त करून दे.
बिजागरी गेली आहे, संत उघड्यावर पडले आहेत.

जमीन अर्धी कोब्याची,
कारण सिमेंट तिथेच संपलं.
अर्धी मातीची, चोपण्याने चोपलेली.
दोन्हींच्या मधे एक रेघ आहे,
अजून पायाला कळते.

पत्रे पोल्ट्रीचे. तीनदा धुतले
तरी दुपारी तापले की कोंबडीचा वास.
जुन्या खिळ्यांची भोकं मोजली, एक्केचाळीस.
शिडीवर बसून डांबराने चाळीस बुजवली.
एक राहू दिलं.
त्यातून रुपयाएवढं ऊन पडतं,
सकाळी भिंतीवरून उतरत उतरत
दहा वीसला वाइसवर येतं.
दहा वीसची आमची गाडी होती फोंड्याहून.

गाडी मात्र कुंडईच्या भंगारात सापडली.
"नवदुर्गा", नावातला "र्गा" खरवडलेला,
सीटांमधून गवत आलेलं.
मी बराच वेळ मागच्या दाराच्या पायरीवर उभा राहिलो,
माझ्याच जागेवर.
भंगारवाल्याला वाटलं, भाव पाडतोय.
दोन सरकत्या खिडक्या सातशेला दिल्या,
काचेवरच्या अक्षरांसकट:
हात बाहेर काढू नये.

मग पैसे संपले.
दाराच्या जागी महिनाभर ताडपत्री,
रात्री वाऱ्याने फडफडायची,
कुत्रं येऊन कोब्यावर निजायचं.
मी विषय काढत नव्हतो.
एका रविवारी प्रेमावतीने
माहेरून आणलेलं लाकडी कपाट रिकामं केलं.
साड्या खोक्यात भरल्या. म्हणाली, घे हे दार.
बघ तरी, सागवान आहे.
आणि आरसा? मी विचारलं.
राहू दे की. बाहेरच्या अंगाला लाव.

आता कोंबड्या सकाळभर
आरशातल्या कोंबड्यांशी भांडतात.

वहीत बेरीज केली: चौतीस हजार सहाशे पंधरा.
खाली तिच्या अक्षरात एक ओळ निघाली:
चहा, एकशे बारा कप. रक्कम कोरी.
मी पेन घेऊन बसलो. रक्कम काही सुचली नाही.

काल हत्यारं आत नेली.
रंधा, दोन करवती, पटाशी, गिरमिट, हातोड्या तीन,
एकेक खिळ्याला टांगताना तोंडातून आपोआप निघालं:
पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे.
बाकावर पहिलं काम ठेवलं,
आल्ताराचं दार, वीतभर.
मेणाचा काळा थर, आणि कोपऱ्यात
काएतानने की त्याच्या आईने, कोणी तरी
लहानपणी दाताने कुरतडल्याची खूण.
ती तशीच ठेवणार आहे.

खिडकी सरकली. बाहेरून एक हात आत आला,
हातात कप.
"एक पंचवाडी," प्रेमावती म्हणाली, "सुटे नाहीत."
मी खिसा चाचपला, खरोखरच चाचपला,
आणि मग पत्र्यावर दोनदा थाप मारली,
जाऊ दे, चल.
कोंबड्या तेवढ्या पळाल्या.